पाठीवरचे बिऱ्हाड

म्हैसूरनजीकच्या वरुणा येथे बसून आंदीज पर्वतातील गद्य मराठीत आणू लागलो असता पहिला अडसर आला तो ‘अल्तिप्लानो’ या शब्दाचा. ‘पठार’ हा प्रतिशब्द हाताशी होताच. परंतु वरुणाही पठारावरच वसलेले आहे. येथील तळे समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरांवर, तर तितिकाका सरोवर ३,८०० मीटरांहूनही अधिक उंचीवर. एकच शब्द दोहोंस लावला की वाचकाला धाप लागत नाही, आणि आंदीजच्या वर्णनात धाप ही अलंकाराची नव्हे, अर्थाची बाब आहे.

या अडचणीवर मराठी प्रवासवर्णनाने शोधलेला उपाय म्हणजे हिमालय. ‘भव्य’, ‘उत्तुंग’, ‘दर्शन’ ही विशेषणे-नामे आपण यात्रेच्या परंपरेतून घेतली. यात्रेत वाट हे तप, आणि शिखराजवळचे देवस्थान हे फळ. हिवाळ्यात बदरीनाथाचे दार बंद होते व माणसे खाली उतरतात. आंदीजमध्ये मात्र कुस्को सुमारे ३,४०० मीटरांवर, पोतोसी ४,००० मीटरांच्या आसपास, एल आल्तो त्याहूनही वर. आणि तेथे बारमाही बाजार भरतो, मुले शाळेत जातात, दावे चालतात. पोतोसीची चांदी तर १५४५ पासून उपसली गेली. पाठीवर पिशवी टाकून, बसने एकेक गाव करीत जाणाऱ्या प्रवाशाला तेथे ‘दर्शन’ घडत नाही. त्याला शेजार घडतो. हा भेद आमच्या लेखकांना दिसत नाही असे नव्हे, पण त्यांची शब्दकळा तो दिसू देत नाही.

वस्तुतः उपाय घरचाच होता. पेरूचे भूगोलज्ञ हाविएर पुल्गार विदाल यांनी आपल्या देशाचे आठ प्रदेश पाडताना लोकांच्या तोंडची जुनी नावे घेतली : खालची उष्ण दरी ती ‘युंगा’, मक्याचा पट्टा ‘क्वेचुआ’, त्यावर ‘सुनी’, आणि ४,००० मीटरांपलीकडील थंड माळ ‘पुना’. (हा शेवटचा शब्द मराठी वाचकाला भलत्याच शहरी नेईल, हे कबूल.) कोकण, घाटमाथा, मावळ, देश असे म्हणणारा मराठी माणूस याच रीतीने विचार करतो, नावाबरोबर तेथले पीक, पाऊस व बोलणे तो गृहीत धरतो. हिमालयाची उसनी भव्यता टाकून सह्याद्रीची ही घरगुती अचूकता वापरली, तर आंदीज मराठीत अधिक खरा उतरेल असे मला वाटते.

होसे मारिया आर्गेदास यांच्या १९५८ च्या ‘लोस रिओस प्रोफुंदोस’ या कादंबरीत फिरस्त्या वकील बापाबरोबर गावोगाव हिंडणारा मुलगा प्रत्येक गाव त्याच्या नदीवरून, पाखरांवरून, माणसांच्या वागणुकीवरून ओळखतो. भोवऱ्याच्या क्वेचुआ नावातील एका प्रत्ययावर लेखक रेंगाळतो, तेव्हा कथानक थांबते, पण प्रदेश बोलू लागतो. अनुवादकाची खरी परीक्षा तेथेच आहे.

असे गद्य मराठीला नवे नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ फेरफार करून छापला. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये पुढे आणली. गोडसे भटजी निसर्गाचे कौतुक फारसे करीत नाहीत. पैसा कोठे मिळाला, कोठे लुटला गेला, कोणाच्या आश्रयाने रात्र निघाली, हे मात्र ते विसरत नाहीत. पायी चालणारा परक्यांच्या दयेवर असतो, म्हणून त्याला परके नीट दिसतात. बिऱ्हाड पाठीवर घेणाऱ्या आजच्या प्रवाशाची जात हीच. त्याने आदर्श शोधावा तो येथे. मीना प्रभूंच्या ‘दक्षिणरंग’मुळे दक्षिण अमेरिका मराठी वाचकाच्या ओळखीची झाली, आता तेथील चढ भाषेत यावयाचा आहे.

‘पुना’साठी पहिल्या खर्ड्यात मी ‘उजाड माळ’ लिहिले होते. नंतर ते खोडले. तेथे अल्पाका चरतात, आणि रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत बटाटे पसरून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवून बायाबापड्या वर्षानुवर्षे टिकणारा ‘चुन्यो’ करतात. आता ‘पुना’ हाच शब्द ठेवला आहे, आणि त्याच्याशेजारी चुन्योचे वाळवण.