लेखणी उचलण्यापूर्वी

आपल्या टीकाकारांनी कादंबरी तपासली, नवकाव्य तपासले, लघुनिबंधाचे तर श्राद्धही घातले. पण महाराष्ट्रात सर्वांत अधिक लिहिल्या जाणाऱ्या एका वाङ्मयप्रकाराकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. तो प्रकार म्हणजे शाळेतला निबंध. दरवर्षी लक्षावधी मुले तो लिहितात, आणि त्यांतल्या बहुतेकांचे ते पहिले आणि शेवटचे ललित लेखन असते.

या निबंधाचे कुळ थोर आहे. 1874 साली 'निबंधमाला' सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर पेशाने शाळामास्तरच होते. आज मात्र निबंध म्हटला की मुलाला गाईड आठवते. त्यातली आई पहाटे उठते आणि प्रेमळ असते. अपघातातला ट्रक भरधाव येतो. सूर्य उगवत नाही तेव्हा शाळेला सुटी मिळते आणि शेवटी लेखक झोपेतून जागा होतो. चाळीस वह्या तपासाव्यात आणि एकच वही चाळीसदा तपासल्याचा शीण यावा, अशी स्थिती आहे.

याचे खापर आपण मुलांच्या आळसावर किंवा मोबाइलवर फोडतो. मला ते पटत नाही. आपण फळ्यावर विषय लिहितो, खाली चार मुद्दे देतो, आणि दुसऱ्या क्षणी वर्गातली प्रत्येक लेखणी हललीच पाहिजे असा आग्रह धरतो. खिडकीबाहेर पाहत बसलेला मुलगा आमच्या लेखी उनाड. ज्याला शोधायला वेळच दिला नाही, तो हाताशी असेल ते उचलणार. गाईड हा रोग नव्हे. घाईवर मुलांनी शोधलेला तो उपाय आहे.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. आपण त्या पाच दिवसांचे कौतुक करतो. पण त्यांची आई 1917 सालीच गेली होती. मधली सोळा वर्षे ती त्यांच्या मनात वावरत होती, हे विसरतो. बहिणाबाईंना तर अक्षरओळखही नव्हती. हात जात्यावर किंवा शेतात गुंतलेले आणि मन मोकळे, अशा वेळी त्यांची गाणी झाली. लोणच्याप्रमाणे लेखनालाही मुरावे लागते. मुलांना सोळा वर्षे कोण देणार? पण सोळा मिनिटेही देऊ नयेत काय?

आपल्या परीक्षांची तऱ्हा पाहा. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या हाती पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी पडे. ती वाचावी, विषय निवडावा, थोडे मनाशी जुळवावे, एवढी उसंत होती. 2023 पासून ती दहा मिनिटे पेपरच्या शेवटी नेली. कारण रास्त होते: मोबाइलवरून प्रश्नपत्रिका बाहेर जाऊ नये. पण अर्थ असा झाला, की विचाराची दहा मिनिटे गेली आणि खरडण्याची दहा वाढली. मुलांची एकंदर वेळ घटली नाही, म्हणून कोणाला खंत वाटली नाही.

सातवीच्या वर्गाला मी एकदा 'माझी आई' हा विषय दिला होता. एका मुलाने गाईडातली आई जशीच्या तशी उतरवली: ती त्याला रोज गरम पोळी वाढीत होती. वास्तविक त्याची आई दिवाळीनंतर ऊसतोडीला जाई आणि उन्हाळ्यात परते. तो आजीजवळ राही. पुढच्या आठवड्यात मी तोच विषय पुन्हा दिला, पण लेखण्या दप्तरात ठेवायला लावल्या. आधी पंधरा मिनिटे गप्प बसायचे, मग शेजाऱ्याशी बोलायचे. लिहायचे दुसऱ्या दिवशी. बोलता बोलता तो मुलगा म्हणाला, "गुरुजी, आई आन् आबा मिळून एक कोयता. मंजी माझी आई अर्धा कोयता." ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्याने दीड पान लिहिले. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. त्या मी दुरुस्त केल्या. बाकी एका शब्दाला हात लावला नाही.

हा उपाय रामबाण आहे असे मी म्हणत नाही. त्या तासाला निम्मा वर्ग क्रिकेटविषयीच बोलत होता. मुलांनी आधीच एकमेकांत चर्चा केली तर हुशार मुलाची कल्पना साऱ्या बाकांवर पसरते, हेही मी पाहिले आहे. म्हणून एकट्याचा विचार आधी, बोलणे नंतर. शिवाय त्या पंधरा मिनिटांचे वहीत काहीच उरत नाही. वर्गावरून जाणाऱ्या मुख्याध्यापकांना रिकामा बसलेला वर्ग दिसतो, आणि रिकाम्या वर्गाचा अहवाल कसा द्यावा हा मास्तरापुढचा खरा पेच आहे.

तरीही महिन्यातून एका निबंधाला दोन तास मिळावेत: एक विचाराला, एक लिहिण्याला. अभ्यासक्रमातला एखादा धडा मागे पडला तर पडू द्यावा. वाचक घटले, नवे लेखक त्याच त्या विषयांभोवती घोटाळतात, अशी तक्रार दर दिवाळीला आपण याच पानांतून करतो. त्या लेखकांना सातवीत असताना आपण गप्प बसायला वेळ दिला होता का, हे एकदा आपणच आठवून पाहावे.