बंद पडलेल्या विहिरी आणि नाटककार

माझ्या सिनॉप्सिसवर गाइडनी पेन्सिलने एकच प्रश्न लिहिला होता : "बंद पडलेल्या विहिरींचं काय?" मी भूजलाच्या गुणवत्तेवर काम करतो. नमुने घेतले होते ते वापरात असलेल्या विहिरींचे. पाणी खराब झालं म्हणून लोकांनी सोडून दिलेल्या विहिरी यादीतच नव्हत्या. म्हणजे पाणी तपासायच्या आधीच माझा निष्कर्ष बरा यायची सोय झाली होती!

ही चूक चांगल्या अभ्यासांतही होते. आज मुद्दाम आपल्या विषयाबाहेरचं उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या 'थिएटर डेव्हलपमेंट फंड' या संस्थेने २००९ मध्ये 'आउटरेजस फॉर्च्यून' हे पुस्तक काढलं. लेखक टॉड लंडन, सोबत बेन पेस्नर. प्रश्न साधा : नवं नाटक लिहिणाऱ्याला देशात नेमका काय आधार मिळतो? सुमारे २५० नाटककार आणि ९४ नाट्यसंस्थांचं सर्वेक्षण झालं, शिवाय वेगवेगळ्या शहरांत समोरासमोर चर्चा झाल्या.

आधी त्याचं बळ बघा. एकच गोष्ट दोन्ही बाजूंना विचारली आहे, लिहिणाऱ्याला आणि नाटक निवडणाऱ्यालाही. त्यामुळे नुसतं तक्रारींचं गाठोडं हाती येत नाही, व्यवस्था कशी चालते ते दिसतं. नाटकाचं वाचन, कार्यशाळा, पुन्हा वाचन यांना पैसा मिळतो, पण नाटक रंगमंचावर उभं राहीलच असं नाही. उभं राहिलं, तर संस्थेला 'पहिला प्रयोग आमचा' हा मान हवा असतो, कारण बातमी आणि देणगी त्याच्याच मागे येते. मग दुसरी संस्था तेच नाटक कशाला करेल? नाव असलेल्या नाटककारालाही पोटासाठी शिकवावं लागतं किंवा टीव्हीसाठी लिहावं लागतं.

आता माझा आक्षेप. हे नाटककार तेव्हा लिहीत होते, टिकून होते. थकून थांबलेले यात कुठे आहेत? आधार किती पुरतो याचं सगळ्यात खरं उत्तर त्यांच्याकडेच असणार. हॉस्टेलवरच्या माझ्या रूममेटने एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका लिहिली होती. बक्षीस मिळालं, फोटो झाले. पुढे ती कुणीच केली नाही. आज तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, लिहीत नाही. 'मराठी नाटककारांच्या अडचणी' यावर तुम्ही उद्या प्रश्नावली काढलीत, तर ती त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. थोडक्यात, पुस्तकातलं चित्र निराशाजनक आहे खरं, पण प्रत्यक्षातलं त्याहून वाईट असू शकतं.

दुसरा धडा मोजमापाचा. आपण जे मोजतो, तेच वाढतं. अनुदान देणाऱ्याने पहिले प्रयोग मोजले, की पहिले प्रयोगच होतात. याला उतारा म्हणून मला 'नॅशनल न्यू प्ले नेटवर्क'ची पद्धत पटते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या जाळ्यात तीन किंवा अधिक संस्था तेच नवं नाटक आपापल्या स्वतंत्र निर्मितीत करतात. पहिल्या ठिकाणी काय फसलं ते पाहून नाटककार पुढच्या निर्मितीसाठी संहिता सुधारू शकतो. आपण प्रयोग तीनदा करून बघतो, तसंच हे. फक्त इथे दर वेळी काहीतरी बदलायची मुभा आहे.

पण पैसाच आटला तर? नव्या नाटकांसाठी काम करणारं न्यूयॉर्कचं 'लार्क' हे केंद्र २०२१ मध्ये बंद झालं. मे २०२५ मध्ये 'नॅशनल एंडोमेंट फॉर द आर्ट्स'ने अनेक संस्थांची मंजूर अनुदानं रद्द केली. आपल्याकडेही पुण्याच्या थिएटर अकॅडमीची नाटककार विकास योजना सतीश आळेकरांनी फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने चालवली, १९८५ ते १९९४. म्हणून मला वाटतं, राष्ट्रीय आधाराची पुढची योजना 'किती नवी नाटकं आली' यावर तोलू नये. दहा वर्षांनी किती जण अजून लिहीत आहेत आणि थांबलेले का थांबले, यावर तोलावी.

मला फेलोशिप मिळते ती चुकत शिकण्यासाठी. विहिरींची यादी चुकली, तरी त्या महिन्याचे पैसे आले. पहिला खर्डा फसलेल्या नाटककाराला ही सोय क्वचितच मिळते.

तुमच्या सिनॉप्सिसचं नमुना निवडीचं पान आज एकदा उघडा. यादीत कोण आहे ते तुम्ही लिहिलंच असेल. त्याखाली एक ओळ वाढवा : कोण सुटलं, आणि का. मी त्यानंतर अकरा बंद विहिरी शोधल्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरावं लागलं, पण सापडल्या.