दिवसाउजेडी मरीन ड्राइव्ह

मुंबईच्या मरीन ड्राइव्हचे कौतुक बहुधा रात्रीचे असते. मलबार हिलवरून दिव्यांची वळणदार रांग पाहावी आणि तिला ‘राणीचा रत्नहार’ म्हणावे, अशी रूढीच पडली आहे. या रूढीला छेद देणारे एक चित्रण बासू चटर्जी यांच्या ‘मंजिल’ (१९७९) या हिंदी चित्रपटात आहे. ते पुन्हा लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे.

मृणाल सेन यांच्या ‘आकाश कुसुम’ (१९६५) या बंगाली चित्रपटावर ‘मंजिल’चे कथानक आधारलेले आहे. बेताच्या परिस्थितीतील अजय आपण श्रीमंत असल्याचे भासवून अरुणाचे मन जिंकतो. ‘रिमझिम गिरे सावन’ हे योगेश यांचे गीत, राहुलदेव बर्मन यांच्या एकाच चालीत, चित्रपटात दोनदा येते. किशोरकुमारांच्या आवाजात ते घरातील मैफलीत रंगते. लता मंगेशकरांच्या आवाजात ते भर दिवसा, पावसात, शहराच्या रस्त्यांवर येते.

दुसऱ्या प्रसंगी अमिताभ बच्चन आणि मौसमी चटर्जी ओठ हलवीत नाहीत, नाचत नाहीत, केवळ चालतात. आभाळ करडे आहे, समुद्र खवळलेला आहे, रस्ता ओला आहे. १९३० व ४० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या आणि २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या आर्ट डेको इमारतींचा हा परिसर येथे दिव्यांच्या साजाविना दिसतो, आणि तरीही सुंदर दिसतो.

या चित्रणाची थोरवी केवळ प्रणयरम्यतेत नाही. अजयच्या अंगावर सूट आहे, गळ्यात टाय आहे. पाऊस त्यांची पर्वा करीत नाही. समुद्रकाठचा कठडा कोणाकडे पैसे मागत नाही. तेथे धनिक आणि कारकून सारखेच भिजतात. अजयच्या वाट्याला आलेला हा निर्मळ आनंद त्याला फुकट मिळाला आहे. म्हणजेच ज्या असत्यावर त्याने आपले प्रेम उभारले, त्याची गरजच नव्हती. हे प्रेक्षकाला दिसते, अजयला दिसत नाही. दिग्दर्शक त्यावर एकही शब्द खर्च करीत नाही. हा संयम मला या प्रसंगाचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

२०२३ साली एका वयस्क दांपत्याने हेच चित्रण त्याच जागी पुन्हा साकारले आणि असंख्य लोकांनी ते कौतुकाने पाहिले. त्यात वैभवाचा लवलेश नव्हता. सोबत होती, पाऊस होता.

विवाह ठरविताना ऐपतीपेक्षा मोठे दिसण्याची आणि त्यासाठी कर्ज काढण्याची धडपड आपल्या घरांतूनही चालते. अशा घरांतील वडीलधाऱ्यांनी हा चित्रपट तरुण मुलामुलींसोबत बसून पाहावा. गाणे संपल्यावर एवढेच विचारावे: अजयने खरे सांगितले असते, तर या पावसातील कोणती गोष्ट त्याला मिळाली नसती?