‘नायट्रोजन हवे’चे गणित

‘येथे नायट्रोजन हवा मिळेल’ ही पाटी आता बारामती-इंदापूरकडेही नवी नाही. दावे तीन : टायर तापला तरी दाब वाढत नाही, हवा उतरत नाही, टायर फुटत नाही. हे दावे शालेय विज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहू.

साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शिवाय नवा टायर बसवताना त्यात वातावरणाइतक्या, म्हणजे सुमारे १५ पौंड दाबाची हवा आधीच असते. मापक फक्त त्यावरचा दाब दाखवतो. तीवर ३२ पौंड शुद्ध नायट्रोजन भरला, तरी एकूण ४७ पौंडांत ३ पौंड, म्हणजे सहा टक्क्यांहून अधिक, ऑक्सिजन उरतोच.

आता तापमान. टायर २७ अंशांवरून ५७ अंश सेल्सिअसला गेला, म्हणजे ३०० केल्व्हिनचे ३३० झाले. एकूण दाब दहा टक्क्यांनी वाढून ४७ चा सुमारे ५२ पौंड होईल. मापक ३७ दाखवील. वायूचा नियम दोन्ही वायूंना सारखाच लागू पडतो. कॉम्प्रेसरमधले पाणी टायरमध्ये गेले, तर वाफेमुळे दाब अधिक वाढतो हे खरे. पण त्यावर कोरडी हवाही पुरते.

हवा उतरण्याच्या दाव्यात मात्र तथ्य आहे. रबरातून ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ मासिकाने २००६-०७ मध्ये ३० पौंडांनी भरलेले टायर वर्षभर ठेवून पाहिले. साधी हवा सरासरी ३.५ पौंडांनी उतरली, नायट्रोजन २.२ पौंडांनी. फरक वर्षाला जेमतेम सव्वा पौंडाचा.

विमानाच्या टायरांत नायट्रोजन भरतात, तो आगीच्या भयाने. १९८६ मध्ये मेक्सिकोत तापलेल्या ब्रेकमुळे हवा भरलेला टायर फुटून विमान कोसळले आणि १६७ जण दगावले. मोटारीच्या टायरवर तसा प्रसंग सहसा येत नाही.

नायट्रोजन अपायकारक नाही. अपाय करतो तो ‘आता दाब तपासायला नको’ हा समज. दाब कमी असलेला टायर चालताना अधिक दबतो, अधिक तापतो आणि महामार्गाच्या वेगात फुटू शकतो, मग आत कोणताही वायू असो.

शिक्षकांनी वरील गणित वर्गात जरूर सोडवून घ्यावे. महिन्यातून एकदा, गाडी बाहेर काढण्यापूर्वी, टायर थंड असताना घरच्या वाहनाचा दाब मोजून नोंदवायला विद्यार्थ्यांना सांगावे. पाटीवरच्या दाव्यापेक्षा ही नोंदवही अधिक विश्वासार्ह ठरेल, असे आम्हांला वाटते.