पंडवानी: मान मोठा, वेळ तोकडा

भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणारी नंदिनीची खाण अहिवाऱ्याला लागूनच आहे. त्यामुळे छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातला हा भाग बाहेरच्यांना खनिजासाठी आणि पोलादासाठी ठाऊक असतो. महाभारत सांगणारी पंडवानी ही कलाही याच भागात नावारूपाला आली. तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारीच्या, झाडूराम देवांगन बासीनचे, ऋतू वर्मा रुआबांध्याच्या. २०२३ मध्ये पद्मश्री मिळालेल्या उषा बारले तर भिलाईच्याच.

पंडवानीचा सगळा डोलारा एका माणसावर उभा असतो. हातात तंबुरा नि करताल घेऊन तोच गातो, तोच निवेदन करतो, भीमही तोच होतो आणि द्रौपदीही तोच. तंबुरा खांद्यावर गेला की गदा होते, आडवा धरला की धनुष्य. आपल्या कीर्तनकाराला आख्यान रंगवताना पाहिलेल्या मराठी श्रोत्याला हे अनोळखी वाटणार नाही. फरक आहे तो मांडणीत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व सांगून झाल्यावर उत्तररंगात कथा येते. पंडवानीत असा वेगळा पूर्वरंग नाही. उपदेश, टोमणा, गावातली ताजी घडामोड हे सारे कथेच्या ओघातच येते. नायकही बहुधा भीम असतो. भरपूर खाणारा, पटकन चिडणारा हा बलदंड पांडव श्रमकऱ्यांच्या या मुलखाला अर्जुनापेक्षा जवळचा वाटला, यात नवल नाही.

या कलेच्या दोन शाखा मानतात. वेदमती शाखेत सबलसिंह चौहानांच्या दोहा-चौपाईतल्या महाभारताचा आधार असतो आणि गायक बसून गातो. झाडूराम हे तिचे मोठे नाव. कापालिक शाखेचा गायक उभा राहून, रंगमंचभर फिरत, लोककथांची भर घालत जातो. बाईने गायचे तर बसूनच, हा संकेत तीजनबाईंनी मोडला. तेराव्या वर्षी पहिला जाहीर कार्यक्रम करणाऱ्या या पारधी मुलीला गाण्यापायी समाजाने वाळीत टाकले होते. पुढे तिला १९८७ मध्ये पद्मश्री, २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. आज मुली उभ्या राहून बिनदिक्कत पंडवानी गातात, हे तिचे खरे यश.

मग कुठे काय बिघडले? बिघडले ते वेळेचे गणित. गावात पंडवानी रात्रीमागून रात्र चालायची, पर्वामागून पर्व उलगडायचे. महोत्सवाच्या रंगमंचावर तिच्या वाट्याला तासही पुरता येत नाही. मग टाळी हमखास घेणारे प्रसंगच पुन्हा पुन्हा निवडले जातात: चीरहरण, कीचकवध, दुःशासनवध. सुरुवातीपासूनच आवाज चढलेला, तंबुरा गरगर फिरणारा. वनपर्वातली संथ वाट, विदुराचे बोलणे, युद्धानंतरचा विषाद यांना जागाच उरत नाही. कथा जाऊन तिचे कळस तेवढे राहतात.

याचा पहिला फटका बसतो तो रागीला. रागी म्हणजे साथीदारांतला हुंकार देणारा. ओळीमागे तो होकार भरतो, मध्येच प्रश्न विचारतो, गायकाला डिवचतो. तो श्रोत्यांचा प्रतिनिधी असतो. घाईच्या सादरीकरणात त्याच्याकडे नुसती ‘हव, हव’ एवढीच पुस्ती उरते आणि कथनातला संवाद संपतो.

कोरियातल्या पान्सोरीत हीच जागा ढोलवादकाची. एका गायकाच्या लांबलचक आख्यानाला तो मध्ये मध्ये दाद देत पुढे नेतो. तिथेही निवडक तुकडेच गाण्याची पद्धत रूढ झाली होती. १९६८ मध्ये पाक दोंगजिन यांनी एक आख्यान सलग सुमारे पाच तास सादर केले. त्यानंतर पूर्ण आख्यान गाणे ही पान्सोरी गायकाची मानाची कसोटी ठरली. इराणमध्ये शाहनामा सांगणाऱ्या नक्कालांची परंपरा इतकी क्षीण झाली, की २०११ मध्ये युनेस्कोने तिला तातडीने जपण्याच्या वारशांच्या यादीत घेतले. पंडवानीची गत तशी नाही. तिच्याकडे गायक आहेत, शिकणाऱ्या मुली आहेत, राजमान्यताही आहे. तिला नाही तो वेळ.

तो देणे आयोजकांच्या हाती आहे. पुरस्काराच्या यादीत आणखी एक नाव वाढवण्यापेक्षा, वर्षातून एकदा तरी भिलाईत किंवा अहिवाऱ्यात एक अख्खे पर्व सलग रात्री गाऊन घ्यावे, रागीचे नाव गायकाइतकेच ठळक छापावे आणि ते सारे ध्वनिमुद्रित करावे. नागपूर-पुण्यातल्या कीर्तन महोत्सवांनीही पंडवानीला पूर्ण रात्र द्यावी. आख्यानाला बसायची सवय असलेला श्रोता आपल्याकडे अजून आहे.