झूल घोड्याची, मिरवणूक मालकाची

मध्ययुगीन घोड्यांच्या साजावर वाचायला लागलात की ‘लट्रेल साल्टर’मधलं एक चित्र हमखास भेटेल. इंग्लंडमधलं हे स्तोत्रांचं हस्तलिखित साधारण १३२५ ते १३४० मधलं. घोड्यावर सर जेफ्री लट्रेल. त्यांचं कुलचिन्ह, म्हणजे निळ्यावर चंदेरी तिरका पट्टा आणि सहा पक्षी, झुलीवर आहे, ढालीवर आहे, शेजारी उभ्या बायको-सुनेच्या कपड्यांवरही आहे.

चित्र देखणं आहे, पण त्यावरून ‘सरदार असेच लढायला जात’ असं लिहू नका. पुस्तक जेफ्रींनीच करवून घेतलं, हे चित्राच्या वरच नोंदवलंय. जन्म १२७६ चा, म्हणजे तेव्हा वय पन्नाशीच्या आसपास किंवा पुढेच. इथे दिसतो तो घराण्याचा मिरवायचा थाट. रणांगणाचा पुरावा वेगळा शोधावा लागतो.

याच्या जोडीला पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयातलं चौदाव्या शतकातलं भरतकाम बघा. मखमलीवर इंग्लंडच्या राजचिन्हातले सोनेरी बिबटे. ही बहुधा घोड्याची झूलच होती. पुढे कापून तिचं धर्मगुरूंचं पूजावस्त्र केलं. दुरून बिबटे दिसतात, जवळ गेलं की वेलबुट्टीतली चिमुकली माणसं. झूल दोन अंतरांवरून पाहिली जायची, हे कापडच सांगतं.

म्हणून प्रकरण लिहायला घेण्याआधी दोन प्रश्न विचारा: पैसे कोणी मोजले? आणि बघणारा कुठे उभा होता?