राज्यक्रम आणि वंशक्रम : नागपूरकर भोसल्यांच्या वंशावळीची चिकित्सा

नागपूरकर भोसल्यांची जी नामावळी शालेय पुस्तकांपासून ग्रंथांच्या परिशिष्टांपर्यंत सर्वत्र छापलेली आढळते, ती परसोजी, कान्होजी, रघूजी पहिला, जानोजी, साबाजी, मुधोजी, रघूजी दुसरा, परसोजी दुसरा, मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब व रघूजी तिसरा अशी आहे. नावे खरी आहेत आणि क्रमही बहुतांशी निर्विवाद आहे. परंतु हा क्रम गादीचा आहे, कुळाचा नव्हे. एका रेषेत वरून खाली लिहिलेली ही नावे वाचताना वाचक नकळत बाप व लेक अशी संगती लावीत जातो आणि राज्यक्रमाला वंशक्रम समजून बसतो. या घराण्याच्या बाबतीत हा घोटाळा केवळ अभ्यासकीय राहिलेला नाही. 1854 मध्ये एका राज्याचे भवितव्य याच भेदावर ठरविण्यात आले.

आरंभीच्या पिढ्या पाहू. घराण्याची मूळ ठिकाणे म्हणून सातारा प्रांतातील देऊर आणि पुणे प्रांतातील हिंगणी ही नावे सांगितली जातात व त्यावरूनच या शाखेला हिंगणीकर हे उपपद मिळाले. मुधोजीचे पुत्र बापूजी, परसोजी व साबाजी. यांपैकी परसोजी शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून 1707 मध्ये सुटून आल्यावर त्यांस मिळाला आणि सेनासाहेब सुभा हा किताब त्याच्याकडे आला. 1709 मध्ये परसोजी वारला व पद त्याच्या पुत्राकडे, कान्होजीकडे गेले. येथपर्यंत राज्यक्रम व वंशक्रम एकच आहेत. पुढला दुवा मात्र निराळा आहे. रघूजी हा कान्होजीचा पुत्र नव्हे. परसोजीचा भाऊ बापूजी, त्याचा पुत्र बिंबाजी व बिंबाजीचा पुत्र रघूजी, अशी ती मालिका आहे. कान्होजीने त्याला लहानपणी आपल्याजवळ वाढविले. पुढे कान्होजीस रायाजी हा पुत्र झाला, चुलत्या-पुतण्यांचे बिनसले आणि शेवटी शाहूच्या आज्ञेने रघूजीने वणीजवळच्या मंदर येथे कान्होजीचा पाडाव करून त्याला साताऱ्यास पाठविले. सुमारे 1731 पासून सेनासाहेब सुभ्याचे पद रघूजीकडे आले. म्हणजे नागपूरचे राज्य ज्याने नावारूपास आणले तो पुरुष परसोजीच्या वंशातला नव्हेच. तो त्याच्या भावाच्या वंशातला होय. परसोजीला मूळ पुरुष मानून खाली रघूजीची ओळ काढणारी वंशावळ पहिल्याच वळणावर चुकते.

ही चूक रूढ होण्यास भाषेचाही हातभार लागला आहे. इंग्रजी ग्रंथांत कित्येक ठिकाणी रघूजी हा कान्होजीचा ‘कझिन’ म्हटलेला आहे. या एका शब्दात चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ सगळेच मावतात, आणि प्रसंगी चुलत पुतण्यादेखील. तो शब्द मराठीत परतताना ‘चुलतभाऊ’ झाला आणि एक संपूर्ण पिढी गळाली. बापूजी व परसोजी एका पिढीचे, बिंबाजी व कान्होजी दुसऱ्या पिढीचे आणि रघूजी तिसऱ्या पिढीचा. ज्या भाषेत नात्याच्या प्रत्येक पायरीला स्वतंत्र शब्द आहे, त्या भाषेच्या अभ्यासकाने परभाषेतील ढोबळ शब्दावर विसंबून पिढी हरवावी, ही खेदाची गोष्ट आहे.

याहून मोठा चकवा नावांचा आहे. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडील रीत या घराण्यात फार कसोशीने पाळलेली दिसते. पहिल्या रघूजीच्या चार पुत्रांची नावे जानोजी, मुधोजी, साबाजी व बिंबाजी. यांतील मुधोजी हे रघूजीच्या पणजोबाचे नाव, साबाजी हे धाकट्या चुलत आजोबाचे व बिंबाजी हे प्रत्यक्ष वडिलांचे. नावांची ही पुनरावृत्ती संशोधकाला एका अर्थी उपकारक आहे, कारण एखाद्या अज्ञात पूर्वजाच्या नावाचा अंदाज नातवांच्या नावांवरून बांधता येतो. पण ती तितकीच फसवी आहे. सुट्या कागदात केवळ ‘मुधोजी भोसले’ एवढेच आले तर तो परसोजीचा पिता, रघूजीचा पुत्र की 1818 मध्ये पदच्युत झालेले आप्पासाहेब, हे मिती, मजकूर आणि किताब यांखेरीज ठरत नाही. बिंबाजीचेही तसेच. एक रघूजीचा पिता, तर दुसरा रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार 1787 मध्ये मृत्यू येईपर्यंत पाहणारा त्याचा पुत्र.

नावाविषयीचा खरा मुद्दा याच्याही पलीकडे आहे. या घराण्यात नाव हे वंशाचा पुरावा म्हणून येत नाही. अनेकदा ते वंशावरील हक्काचे विधान म्हणून धारण केलेले असते. जानोजीस पुत्र नव्हता. त्याने भाऊ मुधोजी याचा पुत्र दत्तक घेतला. 1772 मध्ये जानोजी वारल्यावर साबाजी व मुधोजी यांच्यात जो कलह झाला, त्याचा निकाल 1775 मध्ये नागपूरजवळील पाचगावच्या लढाईत साबाजीच्या मृत्यूने लागला. ज्या बालकाच्या नावाने मुधोजीने पुढे कारभार केला त्याचे नाव रघूजी. राज्य उभारणाऱ्या आजोबाचे नाव धारण करणाऱ्या मुलाचा दावा अर्धा तरी त्या नावानेच सिद्ध होई. येथे निदान रक्ताचा धागा तुटलेला नव्हता. दत्तक होता तो पुतण्याच. पुढच्या वेळी तो धागाही पालटला. 1816 मध्ये दुसरा रघूजी वारला. त्याचा पुत्र परसोजी याची 1817 मध्ये हत्या झाली आणि गादीवर आलेल्या आप्पासाहेबाला सीताबर्डीच्या युद्धानंतर 1818 मध्ये पदच्युत करण्यात आले. तेव्हा परसोजीची विधवा दुर्गाबाई हिच्या मांडीवर जो मुलगा देण्यात आला तो दुसऱ्या रघूजीच्या मुलीचा मुलगा. त्याचे जन्मनाव बाजीबा होते. गादीवर बसताना तो तिसरा रघूजी झाला. एका नामांतराने दौहित्र हा पौत्र झाला, आणि नामावळी वाचणाऱ्याला येथे काही घडले याची शंकाही येत नाही.

धर्मशास्त्राच्या दृष्टीने यात गैर काही नाही. दत्तक हा पुत्रच होय आणि दत्तविधानाने कूळ बदलते. वंशावळीत त्याला औरसाच्या जागी लिहिणे ही लबाडी नव्हे. ती आपल्या समाजाची कुळाविषयीची कल्पना आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवल्या पाहिजेत : समाजाने कोणाला पुत्र मानले आणि तो कोणाच्या पोटी जन्मला. दोहोंपैकी एक विसरले की वंशावळ एक तर पुराण होते, नाही तर केवळ प्राण्यांची पैदास नोंदविणारी वही.

हा भेद सोयीप्रमाणे कसा वापरता येतो याचे ठळक उदाहरण साताऱ्याच्या शाखेत सापडते. 1749 मध्ये शाहूच्या मृत्यूनंतर रामराजा गादीवर आला तो आपला नातू आहे या ताराबाईच्या साक्षीवर. पुढल्याच वर्षी तो आपल्या मुठीत राहत नाही असे दिसताच तो आपला नातूच नव्हे, असे तिने जाहीर केले. साक्ष तीच, साक्षीदार तोच आणि वंश मात्र राजकारणाबरोबर फिरला.

नागपुरास ही वेळ आली ती 11 डिसेंबर 1853 रोजी. तिसरा रघूजी पुत्राविना व दत्तविधान न करता वारला. गव्हर्नर जनरल डलहौसी याने 28 जानेवारी 1854 च्या टिपणीत जी भूमिका घेतली तिचे सार असे की, औरस वा दत्तक असा कायदेशीर वारस मागे नाही, आणि 1818 मधील राज्य हे कंपनीने दिलेले दान असल्यामुळे ते आता कंपनीकडे परत येते. कौन्सिलातील कर्नल लो याने या निर्णयास विरोध नोंदविला. त्याचा उपयोग झाला नाही. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, पतीच्या पश्चात विधवेने दत्तक घ्यावा ही रीत महाराष्ट्रात व्यवहारमयूखाच्या आधारे मान्य होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 1818 मध्ये दुर्गाबाईने घेतलेला दत्तक नेमका याच स्वरूपाचा होता आणि कंपनीच्या रेसिडेंटच्या देखत तो गादीवर बसला होता. 1818 मध्ये ज्या रीतीने वारस निर्माण करता आला, त्या रीतीने 1853 मध्ये तो निर्माण होऊ शकत नाही असे ठरविण्यात आले. डलहौसीला वंशावळ वाचता येत नव्हती असे नव्हे. ती त्याने फारच नीट वाचली. मात्र राज्यक्रम व वंशक्रम यांतील ज्या फटी दत्तविधानाने सांधलेल्या होत्या, त्या त्याने पुन्हा उघड्या केल्या. राणीवशाने यशवंतराव अहेरराव यास दत्तक घेऊन जानोजी हे नाव दिले. पुन्हा तेच, घराण्यातील एका पूर्वजाचे नाव. सरकारने पुढे या दत्तकाला राज्य दिले नाही. ‘देऊरचे राजेबहादूर’ हा किताब दिला. मुळातील पाटीलकीचे गाव अखेरच्या पदवीत असे परत आले.

आता या साऱ्याच्या साधनांविषयी. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर हे आरंभीच्या पिढ्यांचे नेहमी उद्धृत होणारे साधन. ही बखर रेसिडेंट जेंकिन्स याच्या सांगण्यावरून, म्हणजे तिसऱ्या रघूजीच्या अल्पवयात रेसिडेंटच राज्य चालवीत असताना लिहिली गेली. दरबारची माहिती लेखकाला जवळून होती व अठराव्या शतकाच्या उत्तरार्धासाठी तिचे मोल मोठे आहे. परंतु परसोजीच्या पित्याविषयी ती जे सांगते ते सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरच्या स्मरणातून आलेले आहे. त्याला मुधोजीच्या काळाची साक्ष न मानता 1820 च्या सुमारास घराणे स्वतःविषयी काय मानीत होते याची साक्ष मानावी. यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ (1934) हा आजही या विषयातील पहिला आधार. पुढील अनेक लेखकांनी मात्र त्या श्रमाचा लाभ घेताना कोणती पिढी कोणत्या कागदावर उभी आहे ही पृच्छा सोडून दिली आणि वंशवृक्ष तेवढा उचलला.

बखरीच्याही वर चढत जावे तसा आधार विरळ होतो व नावांची भव्यता वाढते. भोसले कुळाचा संबंध मेवाडच्या सिसोदियांशी जोडणारी परंपरा जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त डोकावते. हा ग्रंथ वि. का. राजवाडे यांनी 1922 मध्ये प्रसिद्ध केला. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी त्या परंपरेला राजकीय महत्त्व आले आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजीने 1803 मध्ये कोरविलेल्या प्रदीर्घ मराठी लेखात ती शिलारूप झाली. रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ (2001) या ग्रंथात उत्तरेकडे न पाहता दक्षिणेकडे पाहिले व कुळदैवताच्या मार्गाने भोसल्यांचे मूळ होयसळ-यादव परंपरेत शोधले. ढेऱ्यांचा निष्कर्ष स्वीकारावा की न स्वीकारावा हा स्वतंत्र प्रश्न आहे. त्यांची पद्धत मात्र विचारार्ह आहे, कारण कुळाने स्वतःविषयी सांगितलेली कथा बाजूला ठेवून कुळ कोणत्या देवाला भजते हे त्यांनी विचारले. सांगितलेली वंशावळ एका दिवसात बदलता येते. कुळदैवत तसे सहसा बदलत नाही.

ही प्रवृत्ती आपल्याच समाजाची आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत वसाहतकालीन घराण्यांचे वंशसंशोधन 1845 मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या संस्थेपासून शास्त्राच्या पायरीवर येऊ लागले. तेथेही अडचणीची जागा एकच : समुद्र ओलांडून आलेल्या पहिल्या पुरुषाचा इंग्लंडमधील पूर्वजांशी सांधा. त्याच जागी गुस्ताव आंजू नावाच्या इसमाने धनिक कुटुंबांना बनावट वंशावळी विकून उदरनिर्वाह केला आणि त्या पुढे कित्येक वर्षे नकलून घेतल्या गेल्या. डॉनल्ड लाइन्स जेकोबस याने 1922 मध्ये सुरू केलेल्या नियतकालिकातून त्या पद्धतीवर प्रहार केला. त्याचा आग्रह साधा होता. प्रत्येक बाप-लेकाच्या दुव्याला स्वतंत्र पुरावा हवा, आणि नाव जुळणे हा पुरावा नव्हे. देशावरून वऱ्हाड-नागपुरास आलेल्या घराण्यांच्या बाबतीत समुद्राची जागा स्थलांतर घेते. गाव सुटले की वतनाचे कागद मागे राहतात, आणि नव्या ठिकाणी पूर्वज स्मरणाने व महत्त्वाकांक्षेने पुन्हा रचले जातात.

अशा वेळी बखरीपेक्षा रूक्ष साधने अधिक विश्वसनीय ठरतात. वतनाच्या तंट्यातील महजर व पिढीनामे यांत पक्षकार खोटे बोलत असला तरी समोर प्रतिपक्ष हजर असतो. त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरू आपला बाप, आजा, भाऊ, मुले यांची नावे त्या दिवशीच लिहून देतो. तो पणजोबाच्या वर जाऊन चुकेल, पण आपल्या भावाचे नाव चुकणार नाही. उताहमधील वंशसंशोधन संस्थेने हरिद्वारच्या अशाच वह्यांची सूक्ष्मचित्रे घेतली आहेत. आपल्या कुलवृत्तांतांची उपयुक्तताही ध्यानात घेऊन 1968 मध्ये त्यांच्यावर समाजरचनेचा अभ्यास उभारला तो शिकागो येथील मोरीन पॅटर्सन यांनी. येथील विद्यापीठांतून कुलवृत्तांत बहुधा कौटुंबिक हौस म्हणून कपाटातच राहिले.

कुलवृत्तांतांचा आणि नागपूरकरांच्या वंशवृक्षाचा एक दोष समान आहे. त्यांत मुली नाहीत. कन्येच्या नावापुढे रेघ संपते, किंवा नावच नसते. दुसऱ्या रघूजीची मुलगी बहुतेक छापील वृक्षांत दाखविलेली नाही, आणि तरीही 1818 पासून 1853 पर्यंत नागपूरच्या गादीवर जो बसला तो तिचा मुलगा होता. वृक्ष पुन्हा काढावयाचा झाल्यास तिच्यासाठी एक फांदी प्रथम काढावी लागेल, आणि कान्होजीच्या रायाजीसाठी दुसरी.